आधी खालचं नाव

मन्मथअप्पा कुठलाही कागद खालून वाचायला सुरुवात करायचे. लग्नपत्रिका असो, औषधाची जाहिरात असो की आमच्या मोर्चाचं पत्रक, त्यांचा अंगठा आधी शेवटच्या ओळीवर जायचा. अहमदपूरच्या बस स्थानकामागे त्यांचा छापखाना होता. खाली प्रकाशकाचं नाव नसलेलं पत्रक त्यांनी कधी छापलं नाही. "खाली नाव न्हाई, तर वरचं कोणाच्या भरवशावर वाचावं?" असं म्हणून कागद परत करायचे.

मी त्या छापखान्यातच वाढले म्हणा. वडील कष्टकऱ्यांच्या संघटनेचे, घरात पोथ्यांपेक्षा पत्रकं जास्त. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, 'बँकेच्या दारातलं बाकडं'. क्रेडिट कार्ड मागायला गेलेल्या कष्टकरी बाईला पगाराची चिठ्ठी नाही म्हणून बँक कशी ताटकळत ठेवते आणि मोबाइलवरच्या कंपन्या तेच कार्ड दहा मिनिटांत कसं देतात, असा जळजळीत मजकूर. शेवटी 'बँकांचं दार सोडा!' आणि खाली, 'एक संतप्त नागरिक'.

अप्पांनी त्या शेवटच्या शब्दांवर अंगठा ठेवला.

"हे कोण?"

"मीच की, अप्पा."

"मंग नावाची लाज वाटून राहिली का?"

"नाव टाकलं तर बँकवाले बाबांना त्रास देतील."

"हाव? म्हंजे आग तू लावायची आन चटका दुसऱ्यानं सोसायचा!"

मला राग आला. मी झेरॉक्सच्या दुकानातून दोनशे प्रती काढल्या आणि बाजारभर वाटल्या.

आठ दिवसांनी मी छापखान्यात बसले होते आणि सुमनकाकू आत आल्या. कॉलेजसमोर त्यांची खानावळ. फ्रिज बंद पडलेला, कॉलेज सुरू व्हायला पंधरा दिवस. फ्रिज नाही तर दूध-दही नासणार, आणि डबे लावलेली पोरं दुसरीकडे जाणार. नवा हप्त्यानं घ्यायला कार्ड मागितलं, तर बँक म्हणाली होती, मुदत ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड देऊ. काकूंजवळ फक्त भिशीचे पैसे होते, ते अडकवायला जीव होत नव्हता. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं.

"अप्पा, लई बरोबर लिहिलंय बघा कोणीतरी. म्या मोबाइलवाल्या कंपनीचंच कार्ड घेऊन राहिले. त्यांचा माणूस एक वाजता हितंच येतो. खात्यातून परस्पर पैसे कापायला सही द्यायची हाय. तेवढा कागद वाचा."

साडेबारा वाजले होते. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

अकरा पानं होती. अप्पांनी अकरावं घेतलं आणि भिंग लावलं. इंग्रजी बारीक होतं, म्हणून ते बोट ठेवतील ती ओळ मी मोठ्यानं सांगू लागले. पहिल्या पानावर ज्या कंपनीचं चकचकीत नाव होतं, ती फक्त ओळख करून देणारी. पैसे देणारी कंपनी तिसरीच, आणि तीही न कळवता बदलता येणार. प्रत्येक खरेदी म्हणजे स्वतंत्र कर्ज, व्याज त्याच दिवसापासून.

"सुमन, हे कार्ड न्हाई. दर खेपेला नवं कर्ज हाय. आन उद्या भांडायला जाशील तर कोणाच्या दारात, ते ठरलेलं न्हाई."

"मंग हे खोटं?" काकूंनी पत्रक पुढे केलं. "लिहिणारा तर शिकलेला दिसतो."

अप्पा भिंग पुसत राहिले. त्यांनी माझं नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"काकू, ते मी लिहिलंय," मी म्हणाले. "कंपनीचा एकही कागद न वाचता."

"तू? अगं भवाने, म्या तुझ्या भरवशावर सही ठोकणार होते की!"

एक वाजता तो माणूस आला. "काकू, ऑफर आजच संपते," म्हणून मोबाइल पुढे करू लागला. अप्पांनी विचारलं, "बाबा, ह्या कागदावर तुझं नाव कुठं हाय?"

तो हसला. "माझं कशाला?"

"मंग जा."

तो गेल्यावर मी बँकेची बाजू घेऊन बोलू लागले, तर अप्पांनी मलाही थांबवलं. "बँक म्हंजे काय मामाचं घर न्हाई. तिचे बी कागद वाच. बँक नसलेल्या एखाद्या कंपनीला बी कार्डाची परवानगी असती. कार्ड कोणाचं बी घ्या, देणाराचं नाव खाली पक्कं पाहिजे."

काकूंनी बँकेचे कागद अप्पांकडून वाचून घेतले, काळजावर दगड ठेवून भिशीची ठेव केली. बँकेनं तीन खेपा बाकड्यावर बसवलं. तिन्ही वेळा मी शेजारी बसले होते, रोज दिवस मोजत. कार्ड कॉलेज उघडायच्या दोन दिवस आधी आलं. मर्यादा लहान, म्हणून फ्रिजही लहान. काकू अजून टोमणा मारतात, "ह्याच्यात दही मावतं, तुझं पत्रक न्हाई मावत."

या पौषात अप्पा लिंगैक्य झाले. नांदेडहून आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "शोकपत्रक तूच लिही, ताई. तुझंच ऐकायचे ते." ऐकायचे कुठले! मी छापखान्यात त्यांच्या टेबलाशी बसले. कोरा कागद घेतला आणि सगळ्यात खाली आधी माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. मग वरचं लिहायला धीर आला.