न बघितलेला हात

दुधाकडे एक डोळा ठेवून काकू लेकीची वेणी घालत होती, तेवढ्यात दार वाजलं. नर्सिंगच्या वर्गातल्या विशी-बाविशीच्या मुली तिला काकूच म्हणत. पस्तिशीत, दोन लेकरं पदरात असताना पुन्हा पाटी-पेन्सिल धरणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार! दारात त्यांच्यातलीच चिमणी धापा टाकत उभी होती.

“काकू, तुमची फाइल परत आली. लसी, रक्त, डोळे, सगळं आहे. टीबीच्या इंजेक्शनचा निकालच नाही. अकरापर्यंत नोंद झाली नाही तर उद्याची ड्युटी गेली!”

ड्युटी नवजात बाळांच्या वॉर्डात होती. ती हुकली की वर्ष हुकलं. काकूने बाही खाली ओढली. सोमवारी कोपराखाली टोचलेलं, दोन-तीन दिवसांत ती जागा कुणीतरी मोजून लिहायची. आज तिसरा दिवस. जागा फुगली होती, बोटाला टणक लागत होती, म्हणजे टीबीची शंका, म्हणूनच काल दिवसभर ती “उद्या बघू” करत बसली होती.

सासूबाईंनी ओढलेली बाही बरोबर हेरली. “दाखवायची कशाला? हात दाखवून अवलक्षण!”

“आई, तिथं दीड-दीड किलोची बाळं असतात.”

“आणि इथली दोन कुणाची गं? वर्षभर ती मी सांभाळली, ते फुकट घालवू नकोस.”

दूध उतू गेलं. काकूने ते पुसलं आणि चिमणीबरोबर निघताना लेकीच्या दप्तरातली छोटी पट्टी पर्समध्ये टाकली.

म्हणायला आरोग्य तपासणीची खोली, पण आत पाऊल टाकताच नाकाला ओढणी लावावी लागली. बेसिनमध्ये पिवळट पाणी तुंबलेलं, त्यात कापसाचा बोळा फुगून तरंगत होता. लसींच्या फ्रिजवर उष्टा कप, कपात माशी. कंपाउंडर काडीने कान कोरत होता. ती काडी त्याने टेबलाच्या कडेला पुसली आणि त्याच बोटांनी पेन उचललं.

“रोल नंबर?”

तिने सांगितला. मान वर न करता त्याने लिहिलं: फुगवटा शून्य. खालच्या गठ्ठ्यातल्या कागदांवरही तीच शाई, तेच शून्य. आंधळं दळत होतं.

“अहो, हात बघितलाच नाहीत तुम्ही.”

“चाळीस जणींचे हात बघत बसू? सगळ्या धडधाकट. सही करतो, सुटलात!”

“चला ना काकू,” चिमणीने चिमटा काढला. “आमचं सगळ्यांचं असंच झालंय.”

क्षणभर काकूला खरंच सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटकेचीच तिला ओकारी आली. बेसिनची, काडीची किळस एकवेळ साबणाने जाईल. ही कशाने जाणार? टीबी असेल-नसेल देव जाणे, पण हात दाखवला तर छातीचा फोटो काढतील, ड्युटी बहुतेक जाईलच. सासूबाईंचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे आलं. पण बाळाचा श्वास ऐकायला आपलं तोंड त्याच्या नाकाशी न्यावं लागतं, हे वर्गात तिनेच सर्वांना करून दाखवलं होतं.

कंपाउंडरने सहीला पेन टेकवलं. काकूने बाही कोपरापर्यंत सारली, हात त्या कागदावरच ठेवला आणि शेजारी पट्टी ठेवली.

“सही राहू द्या. आधी माझा हात बघा.”