दोन सरकारांचा फ्रिज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय— तेही नीटसं कळलेलं नाही.

मिरजेच्या पलीकडं, हद्दीवरच्या एका गावात गुरांचा दवाखाना होता. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोघांनी मिळून चालवलेला— गुरं काही हद्द बघून चरत नाहीत, म्हणून. मी आपल्या सरकारचा पर्यवेक्षक, मल्लाप्पा त्यांच्या सरकारचा मदतनीस. मी कायम, तो कंत्राटी. खर्च निम्मानिम्मा. त्या वाटणीचं मला भारी कुतूहल. फ्रिज आपला, पण त्याला लागणारी वीज त्यांची. लस आपली, सुया त्यांच्या. आणि झाडू कुणाच्या हिश्श्यातला? यावर दोन वर्षं पत्रं चालली होती. तोवर मल्लाप्पा घरचा झाडू आणायचा. शिवाय त्यांचा हिस्सा जमा झाल्याचं पत्र आलं, की मगच आपला सुटायचा. असं का, कोण जाणे!

बघा, कसा वळसे घालतोय मी.

भिंतीला पॉइंट एकच. एका शनिवारी दुपारी मी फ्रिजचा प्लग काढला आणि तिथं मोबाईल चार्जिंगला लावला. जरा वेळ, म्हणून. निघताना मोबाईल तेवढा खिशात टाकला. चार्जर तसाच राहिला. सोमवारी मल्लाप्पानं दार उघडलं, तेव्हा लाळ-खुरकुताची सगळी लस वाया गेलेली. त्यानं चार्जर काढला, वायर गुंडाळली, आणि मी आल्यावर माझ्या हातात दिली.

चौकशीला दोन्हीकडचे साहेब आले. त्यांना एवढंच हवं होतं— फ्रिज बिघडला, की वीज गेली? म्हणजे दोष कुणाच्या निम्म्यात धरायचा? प्लग कुणी काढला, असा प्रश्नच कुणाला सुचला नाही. मी म्हणालो, वीज गेली होती. मल्लाप्पानं त्यांच्या ऑफिसला कळवायला हवं होतं, त्यानं कळवलं नाही. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? फार तर ठपका. माझी नोकरी काही जाणार नव्हती.

मग मल्लाप्पाला विचारलं. तो माझ्याकडं बघत म्हणाला, "व्हय साहेब. लाईट गेलती."

त्याला कामावरून काढलं. त्यांच्या सरकारनं हिस्सा थांबवला, म्हणून आपल्या सरकारनंही. काही महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं. माझी कोरेगावला बदली झाली.

तो तसं का बोलला? मला वाचवायला? की आपलं कोण ऐकणार, हे त्याला आधीच ठाऊक होतं? मला अजून ते जाणून घ्यायचंय. पण त्याला विचारायचं, तर आधी मला बोलावं लागणार— म्हणून कधी गेलो नाही. लाज वाटते, हे खरं.

गेल्या वर्षी मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या दारात तोच समोर आला. लय म्हातारा दिसत होता. बायकोला दाखवायला आणलं होतं. मला बघून त्याला कोण आनंद! बायकोला म्हणाला, "हे आमचं साहेब गं. गुरांवर लय जीव ह्यांचा."

ती बिचारी आजारी बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.