नेट नसलेल्या गोदामात माझा सर्व्हर

मंडळी, आत्ताच केनवडहून रिसोडले परत आली.

तिथल्या बचत गटाच्या गोदामात कोणाच्या तुरीचे किती कट्टे, म्हणजे पोते, आहेत, हे पाहाचा प्रोग्राम मी जावा भाषेत बनवला. आज बाजार होता, म्हणून सगळ्या बाया तो पाहाले जमल्या होत्या. मी लॅपटॉप उघडून मेव्हनले, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या टूलले, सर्व्हर चालू कराले सांगतलं, अन् ते 'डाउनलोडिंग'वर अडकलं.

बाजाराच्या दिवशी गर्दीनं तिथं नेट चालत नाही, हे मले माहीत होतं. पण सर्व्हर चालवणाऱ्या प्लगिनची, म्हणजे मेव्हनच्या जोड-प्रोग्रामची, व्हर्जन मी फाइलमध्ये लिहिलीच नव्हती. म्हणून ते नवी व्हर्जन शोधाले नेटवर निंगालं.

बाया एकेक करून उठाले लागल्या. घरी चाललेली व्हर्जन फाइलमध्ये टाकली, मेव्हन ऑफलाइन चालवलं, तवा कुठं पान उघडलं.

"नेटच नव्हतं ना, काकू," मी गटाच्या अध्यक्ष विमलकाकूले म्हटलं.

काकू म्हणे, "बाजाराच्या दिवशी इथं नेट राहत नाही, म्हणून तर तुले हे बिगर नेटचं बनवाले सांगतलं होतं."

तुमी असते तर काकूले काय सांगतलं असतं?