कंगव्याचा हात

मास्तरांच्या सलूनमध्ये खुर्च्या तीन होत्या आणि कारागीर एकच, ते स्वतः. उरलेल्या दोन खुर्च्यांवर जुनी मासिकं बसत आणि दाराजवळच्या बाकावर वाट बघणारी गिऱ्हाइकं. दुकान त्यांचं, तेव्हा नियमही त्यांचे: घाई करायची नाही, राजकारण काढायचं नाही आणि "मशीन मारा" म्हणणाऱ्याला आधी एकदा समजावून बघायचं. तेहेतीस वर्षं कात्री चालवून माणूस जितका हट्टी होऊ शकतो तितके ते झाले होते. आणि तितकेच अबोल.

अबोल म्हणजे आरशाबाहेर अबोल. दुकानात दिवसभर त्यांचं तोंड चालू असे, पण ते बोलत आरशातल्या माणसाशी. गिऱ्हाईक खुर्चीत, मास्तर त्याच्या पाठीशी, आणि दोघांच्या गप्पा समोरच्या काचेत. त्याच मास्तरांना कोणाच्या समोरासमोर बसवलं की जीभ टाळ्याला चिकटलीच. मुलगी लहान होती तेव्हा दर महिन्याला तिला खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवत आणि केस कापत. शाळेत कोणी मारलं, गणितात किती मिळाले, मोठेपणी काय व्हायचंय, हे सगळं त्यांना तिथेच कळे. घरी जेवायला समोरासमोर बसले की "वाढ अजून" याच्या पुढे गाडी जात नसे. बायको म्हणायची, "आता जेवणाच्या खोलीत एक आरसाच लावते, म्हणजे या घरात नवरा आहे हे कळेल तरी."

तर अशा माणसाने अठ्ठावन्नाव्या वर्षी गिटार हातात का घेतली, ते सांगतो.

गिटार मुलीची होती. हिशेबाच्या कचेरीतल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेली. कुठल्या तरी दूरदेशीच्या डोंगराळ भागातले शेतकरी, खाणकामगार, रेल्वेचे मजूर यांची गाणी असतात, कंट्री आणि ब्लूग्रास म्हणतात त्यांना, त्यांचं तिला वेड लागलं. आधी एक जाडी तार, मग सगळ्या तारांवर एक झटका, ढम्-छिक, ढम्-छिक, आणि त्यावर धावणारी चाल. दोन वर्षांपूर्वी ती गिटार पाठीला लावून सलूनच्या दारात आली आणि म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडली. परगावच्या एका शाळेत मुलांना गाणं शिकवायला जातेय."

मास्तर तेव्हा एका गिऱ्हाइकाचे कल्ले कोरत होते. त्यांनी मान वळवली नाही. आरशात तिच्याकडे बघून म्हणाले, "तारा खाजवून आजवर कोणाचं पोट भरलंय?"

बाकावरची दोघं खो खो हसली. मुलीने पाठीवरची गिटार उतरवली, टॉवेलच्या कपाटाला टेकवली आणि निघून गेली. तेव्हापासून फोन आईला. बाबांसाठी फक्त "बरे आहात ना?" आणि इकडून "हो, बरं चाललंय." मास्तरांना त्या वाक्याची लाज वाटत होती. रोज वाटत होती. पण लाज वाटणं वेगळं आणि ते तोंडाने सांगणं वेगळं.

वर्षभर गिटार कपाटापाशी उभी होती. दुकान बंद करताना ते तिच्यावरचे केस मऊ ब्रशने झटकत, गिऱ्हाइकाच्या मानेवरचे झटकतात तसेच. एका दुपारी उकाड्याने म्हणा किंवा आपसूक म्हणा, एक तार टण्णकन तुटली. खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं आणि थोडक्यात कान वाचला. मास्तर नवी तार घेऊन आले. ती लावायची कशी हे बघायला फोन उघडला, तर पुढे आला एक दाढीवाला.

हा दाढीवाला त्यांचा गुरू झाला. कुठल्याशा लाकडी खोलीत बसून तो फुकट धडे देई. शब्द इतके गिळून बोले की त्याच्या देशातल्यांनाही कळत असेल की नाही, देव जाणे. त्याच्या दाढीची एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर लांब होती. मास्तरांना ते पहिल्या दिवसापासून खटकलं, पण गुरूच्या दाढीला नावं ठेवू नयेत म्हणून ते गप्प राहिले. चौदाव्या धड्यात त्याने एक चाल वाजवली आणि मास्तर ताठ बसले. मुलगी घरी सारखी वाजवायची ती हीच. गाडी चुकलेल्या माणसाचं गाणं आहे, असं तिने एकदा आईला सांगितलं होतं.

मग त्यांनी ठरवलं. ही चाल शिकायची आणि ती येईल तेव्हा तिला वाजवून दाखवायची. जे बोलता येत नाही ते वाजवता तरी येईल.

"दोन शब्दांचं काम आहे," बायको म्हणाली. "आणि तुम्ही पहिल्या इयत्तेत नाव घालताय."

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसे. शटर अर्धं ओढून मास्तर मधल्या खुर्चीत बसत आणि पावडरचा डबा नि पाण्याचा फवारा यांच्या मधोमध फोन आरशाला टेकवून ठेवत. खाली फोनमध्ये दाढीवाला, वर काचेत आपण. शिकायची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांच्या उस्तादांनी त्यांना हेच सांगितलं होतं: विचारायचं नाही, मागे उभं राहायचं, आरशात हाताकडे बघायचं, आणि तुझा हात तसाच दिसेपर्यंत थांबायचं नाही. तसंच त्यांनी इथेही केलं. दाढीवाल्याच्या गिटारीची मान, म्हणजे तो लांब दांडा, चित्रात उजवीकडे जाते ना? मग आपलीही आरशात उजवीकडेच गेली पाहिजे. गेली. जुळलं.

एकच गोष्ट जुळेना. दाढीवाल्याची जाडी तार वरच्या बाजूला होती, यांची खाली. मास्तरांनी विचार केला आणि दुकानदाराला दोन शिव्या हासडल्या. मेल्याने माझ्या पोरीला उलट्या तारा लावलेली गिटार विकली! त्यांनी साऱ्या तारा काढल्या आणि उलट क्रमाने लावल्या. मानेच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिच्या खाचांत तारा बसतात. जाडी तार बारीक खाचेत बसेना. तेव्हा कानस घेतली आणि हलक्या हाताने खाच रुंद केली. काम सुबक झालं, यात वादच नाही.

बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. जी, सी आणि डी या तीन पकडी महिन्याभरात बसल्या. पण ढम्-छिक काही केल्या येईना. झटका मारणारा डावा हात आयुष्यभर कंगवा धरून केस उचलायचं काम केलेला. त्याला ताल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. फुटलेल्या कंगव्याची पट्टी त्रिकोणी कापून त्यांनी तिचाच पिक, म्हणजे तारा छेडायचा तुकडा केला, की हाताला ओळख तरी पटावी. तरीही नुसतं ढम्-छिक यायला चार महिने लागले. सगळे मिळून नऊ महिने. शेवटी चाल आली. तिसऱ्या ओळीत ठेच लागायची, पण आली.

आणि मुलीचा फोन आला. चार दिवस येतेय.

ती आली ती पाठीला नवी गिटार लावून. घरात दोन दिवस "चहा घेणार?" आणि "घेते" यात गेले. तिसऱ्या दिवशी सलूनची सुट्टी होती. मास्तर सकाळीच उठून दुकानात गेले. तासाभराने बायकोने मुलीला हाक मारली. "जा, बाबांना डबा देऊन ये. आणि गिटार घेऊन जा."

"डबा द्यायला गिटार कशाला?"

"मी सांगतेय म्हणून."

अर्ध्या शटरखालून वाकून ती आत आली आणि दारातच थांबली, त्या दिवशी उभी होती तिथेच. मास्तर मधल्या खुर्चीत आरशाकडे तोंड करून बसले होते. त्यांनी तिला काचेत पाहिलं. या बसा काही नाही, त्यांनी एकदम सुरुवातच केली. ढम्-छिक, ढम्-छिक.

मुलगी आरशात बघत राहिली. आपले बाबा, आपली जुनी गिटार, आपली चाल. काचेत सगळं कसं सरळ दिसत होतं. तिसऱ्या ओळीत ठेच लागली, मास्तर थांबले, पुन्हा धरली, संपवली. तिने डबा बाकावर ठेवला आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, तुम्ही डावरे कधी झालात?"

"मी कुठला डावरा?"

"मग गिटार उलटी का धरलीय? मान डाव्या हातात असते. झटका उजव्याने."

मास्तरांनी फोनकडे बोट केलं. "हा बघ. ह्याची मान उजवीकडे आहे. आरशात बघ, माझीही उजवीकडेच."

तिने फोनकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग ती मटकन बाकावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोन वर्षांनी पोरगी हसली आणि हसली ती आपल्यालाच. मास्तरांचा चेहरा उतरला. ज्या माणसाने आरशात बघून तेहेतीस वर्षांत एक कान कापला नाही, त्याला डावं-उजवं कळलं नाही! नऊ महिने पाण्यात.

"मी करतो पूर्वीसारखी," ते आरशाकडे बघत पुटपुटले. "तारा काढतो. फक्त त्या खाचा... खाचा मी कानशीने रुंद केल्यात."

हसू थांबलं. तिने पुढे होऊन हाडाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. पहिल्या पगाराची गिटार होती. मास्तरांना ते माहीत होतं, आणि ती आता ओरडेल याचीही खात्री होती. ओरडली तर बरं, असंही त्यांना वाटलं.

"ढम्-छिक तुम्ही डाव्याने मारलंत," ती म्हणाली. "कंगव्याच्या हाताने."

"हो."

"किती दिवस लागले?"

"त्या एकाला? चार महिने."

"उजव्याने घेतलं असतंत तर आठ दिवसांत आलं असतं. कात्रीचा हात तुमचा. एकदा केस कापायचे, एकदा हवेत कच् करायचं. लहानपणी त्या फळीवर बसून मी ताल त्याच्यावरच शिकले." तिने त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "चार महिने, बाबा?"

तिने आपली गिटार पिशवीतून काढली, बाक ओढून त्यांच्या खुर्चीमागे आणला आणि त्यावर बसली.

"खुर्ची फिरवा."

"कशाला?"

"फिरवा तर."

खुर्ची फिरली. पाठ आरशाला लागली आणि समोर मुलगी आली, दोन हातांवर. तिने जीची पकड धरली, त्यांनीही धरली. तिचा हात जिकडे गेला तिकडे त्यांचा गेला, अगदी काचेत जातो तसा. मास्तरांना काही उलटं-सुलटं करावं लागलं नाही. तिसरी ओळ आली. ती त्यांच्या डोळ्यांत बघून किंचित सावकाश झाली, आणि ठेच लागली नाही. नऊ महिन्यांत पहिल्यांदा लागली नाही.

चाल संपली. बघायला आरसा नव्हता. मास्तरांनी खाली बघितलं, मग वर बघितलं.

"त्या दिवशी मी बोललो ते वाईट बोललो," ते म्हणाले. "लोकांसमोर बोललो. मला त्याची फार लाज वाटते."

बोलताना त्यांनी नजर हलवली नाही.

मुलीने गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही नोकरीवरून रागावणार हे मला माहीत होतं. तुम्ही नुसतं मागे वळून बघितलं असतंत ना, तरी मी भांडून, जेवून, गिटार घेऊन गेले असते."

"हो," मास्तर म्हणाले.

"तारा राहू देत तशाच. ही आता तुमची." तिने नाक पुसलं, त्यांच्या खांद्यावरून आरशात पाहिलं आणि एकदम म्हणाली, "अहो बाबा! मानेवर केस केवढे वाढलेत तुमच्या! लोकांच्या माना कोरता आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? या दुकानात पाठीशी उभा राहणारा मी एकटाच."

तिने गिटार बाकावर ठेवली, आरशाखालच्या फळीवरची कात्री उचलली आणि उठून त्यांच्या पाठीशी गेली. मास्तर सवयीने आरशाकडे खुर्ची वळवायला लागले.

"राहू दे तशीच," मुलगी म्हणाली. "मान खाली करा. आणि हळूहळू ढम्-छिक वाजवत राहा, म्हणजे माझा हात चुकणार नाही."