सुनंदाची अर्धी गोष्ट

माझी लेक एक कादंबरी वाचतेय. त्यातल्या शहरात सगळ्यांनी एकसारखंच वागायचं. वेगळा वागेल त्याला वाळीत टाकतात. "मम्मी, इतने सारे लोग मान कैसे लेते हैं?" तिनं मला विचारलं, आणि माझ्या नाकात एकदम खडूची धूळ गेली. सदर बाजारातली हिंदी शाळा, नववीचा वर्ग.

माझ्या बाकावरच्या सुनंदानं अशीच गोष्ट लिहिली होती. तिच्या गावात भोंगा वाजला की सगळे हात वर करून हो म्हणत. हिंदीच्या सरांनी वही हिसकावून अर्धी गोष्ट वर्गात वाचली, पोटभर हसले आणि म्हणाले, "चलो, करके देखते हैं. आज से इससे कोई बात नहीं करेगा. हाथ उठाओ!"

कांजी केलेल्या बाह्या सळसळल्या. माझाही हात वर गेला. भीतीनं नाही; मला मजा येत होती.

वर्गात मराठी आम्हा दोघींनाच येई. सुनंदा हळूच म्हणाली, "काहून करून राहिली अशी?"

मी मोठ्यानं म्हणाले, "सर, पता नहीं ये क्या बोल रही है." वर्ग खदखदून हसला.

वर्षभर कुणी तिच्याशी बोललं नाही. मग तिनं शाळा सोडली. सरांनी परत केलेली तिची वही बाकातच राहिली होती, म्हणून उरलेली अर्धी गोष्ट मी वाचली. त्या गावात एकच मुलगी हात वर करत नाही. सुनंदानं तिला माझं नाव दिलं होतं.