आज रंग कसलो?

आमच्या चाळीमागचा नाला स्वच्छ झाला, याची मला लाज वाटते. असं लिहिणाऱ्याला लोक वेडा म्हणतील. म्हणोत. ज्यांच्या घरामागून कधी नाला वाहिला नाही त्यांनी तर खुशाल म्हणावं.

लालबागला आमच्या चाळीमागे गिरणी, गिरणीमागे तळं, आणि तळ्यातून उतू जाणारं पाणी वाहून नेणारा हा नाला. बाबा गिरणीच्या रंगखात्यात होते. कापड रंगवून झालं की कुंडांतलं धुवण तळ्यात सुटायचं, तळ्यातून नाल्यात. त्यामुळे नाल्याचा रंग रोज वेगळा. काल जांभळा होता तर आज हिरवागार. आम्ही पोरं शाळेत जाताना कठड्यावरून वाकून बघायचो आणि जो आधी रंग ओरडेल तो त्या दिवसापुरता शहाणा. बाबा पाळी संपवून आले की हातपाय धुवायच्या आधी विचारायचे, "काय रे झिला, आज रंग कसलो होतो नाल्याक?" त्यांना माहीत असायचाच, तो त्यांनीच सोडलेला असायचा. पण माझ्या तोंडून ऐकायचा असायचा. मी "निळा" म्हटलं की म्हणायचे, "निळो नाय रे मेल्या, मोरपिशी!" आणि आईकडे बघून हसायचे, जणू मोर त्यांनीच पाळला होता.

वास यायचा का? यायचा. त्या पाण्यात काही जगत होतं का? नाही. पण हे तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही कुणाला विचारलं नाही.

मग संप झाला. संपाबद्दल इथे सांगत बसत नाही. त्यावर मी ढीगभर लिहिलंय, चिंचपोकळीला एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर, सायक्लोस्टाइलच्या शाईने बोटं काळी करून. शाळेत होतो तेव्हा पत्रकं वाटायचो, कॉलेजात गेल्यावर लिहायला लागलो. ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांचा नियम साधा होता : पत्रकात शत्रू एकच असावा, आणि तो मथळ्यात यावा. दोन शत्रू आणलेस की वाचणारा त्या कागदात चणे बांधून घेतो. मला मथळे सुचायचे. मालकावर, सरकारवर, फुटलेल्या पुढाऱ्यांवर, बसल्या बसल्या. माझा मथळा मोर्च्यात घोषणा होऊन ऐकू आला की छाती फुगायची.

गिरणी काही उघडली नाही. बाबा अजून म्हणतात, "संप चालू हा. कोणी मागे घेतल्यानी? नाय ना? मगे?" यावर आमच्या घरात वाद घालायचा नसतो.

आणि नाला नितळ होत गेला. आधी रंग गेले, मग वास थोडा कमी झाला. एक दिवस कठड्यावरून बघितलं तर तळाचा दगड दिसत होता. चाळीतल्या एकालाही त्याचा आनंद झालेला मी पाहिला नाही.

अशात पेपरात जाहिरात आली. भरावभूमी आणि जलतपासणी यांचं प्रशिक्षण, गिरणी कामगारांच्या मुलांना प्राधान्य. वाचून माझं डोकं फिरलं. बापांना रस्त्यावर काढायचं आणि पोरांना प्राधान्य द्यायचं! त्याच तिरमिरीत मी अर्ज भरला. मित्रांना सांगितलं की शत्रूच्या घरात शिरून बघायचंय. खरं सांगायचं तर घरात पैसाच येत नव्हता.

संस्था दादरला होती. तिथे आम्हाला जमीन कशी करतात ते शिकवलं. खड्डा असो, तळं असो, खाडीचा काठ असो, आधी गाळ बसवायचा, मग मुरूम, मग पाडकामाचं राबिट, थरावर थर दाबत आणायचं. पाणी दिसेनासं होतं म्हणजे नाहीसं होत नाही, असं सर सांगायचे. ते भरावाखाली असतं, सरकत असतं, म्हणून ठिकठिकाणी उभे पाइप पुरून ठेवायचे आणि त्यातून पाणी काढून तपासत राहायचं. सर चांगले होते. आवाज चढवायचे नाहीत, आणि त्यांचं मराठी ऐकून मला सतत माझा शर्ट चुरगळलाय असं वाटायचं. सरावाला ते आम्हाला अँटॉप हिलच्या पलीकडे, खाडीच्या कडेला घेऊन जायचे. चिखलात उभं राहून बाटली पाण्याखाली तिरकी धरायची, बुडबुडा आत राहता कामा नये. त्या भरलेल्या बाटलीला नमुना म्हणतात. पोटमाळ्यावर माझ्यासोबत पत्रकं काढणाऱ्या मित्राला हे कळलं आणि झालं.

"आला रे नमुना!" मी जिना चढायच्या आत तो ओरडायचा. "आज कुठल्या गटाराचं तीर्थ आणलंस?"

"तुझ्या घरामागच्या. पितोस?"

"आधी तुझ्या साहेबाला पाज. आणि ऐक, तळी बुजवायला शिकलास ना, मग आपलं तोंड बुजवायला लागू नकोस."

मी हसायचो. पत्रकं लिहायला जाणं मात्र कमी होत गेलं, तेही कामाच्या नावाखाली.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली. पाण्यात प्राणवायू आहे की नाही हे बघायला बाटलीत दोन औषधं घालतात. प्राणवायू असला तर तपकिरी साका खाली बसतो. नसला तर साका पांढरा. म्हणजे पांढरंशुभ्र पाणी मेलेलं आणि मळकं दिसणारं जिवंत. घरी येऊन हे बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "बघ," आईला म्हणाले, "रंग व्हयोच."

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने आपल्या भागातल्या पाण्याचा तक्ता करायचा होता. ज्याचा तक्ता उत्तम, त्याला पहिली नेमणूक. मी आमचा नाला घेतला. गिरणी चालू होती तेव्हाचे त्याचे आकडे सरांकडे होते, जुन्या तुकडीने काढलेले. नवे मी काढले. बाटलीत तपकिरी साका बसला. चांगला जाड. सर बाटली हलवून बघत म्हणाले, "अरे वा! हे तर सुंदर उदाहरण आहे. काय झालं तिथे?"

"गिरणी बंद झाली, सर."

"म्हणजे घाणीचा उगमच बंद झाला. तक्त्यात उगम ठळक दाखव हं. कुठलं खातं?"

"रंगखातं."

"मग तेच."

मी कार्डशीट अंथरली. शत्रू एकच असावा, मथळ्यात यावा. मथळा सुचायला वेळ लागलाच नाही, ही खरी लाजेची गोष्ट. मी तांबड्या शाईने, मोर्च्याच्या फलकावर काढतात तशा जाड अक्षरात लिहिलं : रंगखात्याचा विळखा सुटला, नाला जिवंत झाला! डावीकडे दूषित, उजवीकडे निर्मळ. डावीकडच्या आकड्यांची वर्षं म्हणजे बाबांची नोकरी. उजवीकडची म्हणजे त्यांचं घरी बसणं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण मथळा ठणठणीत जमला होता आणि सर खूश होते. मालकावर इतकी वर्षं लिहिलं, त्याचा केसही वाकडा झाला नाही. इथे पहिल्याच फटक्याला शत्रू आडवा.

तक्ते मांडले त्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. मी घरी म्हटलं, येऊ नका, नुसतं उभं राहायचंय. बाबा म्हणाले, "उभ्यानच नोकरी केलंय मी." आईने शेजारून इस्त्री आणली. बाबा कडक शर्ट घालून दादरला आले.

ते माझ्या तक्त्यासमोर उभे राहिले आणि ओठ हलवत वाचायला लागले. मथळ्यापाशी थांबले.

"विळखो म्हणजे? सापाचो असता तसो?"

"हो, बाबा."

"आणि साप आम्ही." ते माझ्याकडे न बघता हसले. "अक्षर बरा हा तुझा."

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. भांडण मला येतं. पण ते दोन्ही रकाने खालपर्यंत वाचत राहिले, एकेक आकडा, जणू रेशनच्या दुकानातला भावफलक. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही संप केलो ता बरा झाला. नाल्याचा भला झाला." शेजारच्या तक्त्यापाशी उभी असलेली माणसं हसली. मीही हसलो.

तेवढ्यात सर एका मोठ्या साहेबाला घेऊन आले. नेमणुका त्याच्याच हातात होत्या. साहेबाने मथळा मोठ्याने वाचला, वाहवा म्हटलं. सर म्हणाले, "आणि हे त्याचे वडील. त्याच गिरणीत होते."

"असं? कुठल्या खात्यात?"

मी तक्त्याकडे बघितलं. तांबडी शाई होतीच तिथे. बाबांनीही एकदा तिकडे बघितलं, आणि हात मागे घेतले. इतक्या वर्षांनी त्या हातांवर कसलाही डाग उरलेला नव्हता, तरी घेतले.

"साचेखात्यात, साहेब," बाबा म्हणाले. "लूमवर होतो."

साहेब म्हणाला, "छान, छान," आणि पुढे गेला.

मला बोलता आलं असतं. मोर्च्यात हजारो लोकांसमोर बोललोय मी, पोलिसांसमोर बोललोय. रंगखात्यात होते, साहेब, हा डावीकडचा रकाना त्यांचा आहे, आणि ते पाणी कुठे सोडायचं हे त्यांना सांगणारा दुसराच कुणीतरी होता, त्याचं नाव माझ्या तक्त्यात नाही. एवढंच म्हणायचं होतं. मी तक्त्याची टाचणी दाबून नीट बसवली. बाबांनी माझ्यासाठी आपलं खातं सोडलं, आणि मी ते सोडू दिलं.

नेमणूक मला मिळाली. मित्राने पोटमाळ्यावर पेढा खाल्ला आणि म्हणाला, "नमुना पास झाला." त्याला तक्त्याचं मी सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून बाबांनी रंग विचारणं बंद केलं. गिरणी बंद पडल्यावरही ते गंमत म्हणून विचारायचे, "आज रंग कसलो?" आणि मी "कसलोच नाय" म्हणायचो. आता मी घरी येतो, ते पेपर वाचत असतात, "इलंस?" म्हणतात आणि पान उलटतात.

मला काम मिळालं ते आमच्याच गिरणीमागच्या तळ्यावर. ते बुजवताहेत. कशासाठी, ते सांगत नाहीत, पण फलकावर काचेची इमारत काढलेली आहे. त्यावर पत्रक निघायला हवं, मीच लिहायला हवं, आणि मी तिथे पाइपमधून पाणी उपसत असतो. रोज तक्त्यात लिहितो, रंग : नाही.

परवा एका पाइपातून रंगीत पाणी आलं. भराव दाबल्यावर तळाचा जुना गाळ पिळला गेला असणार. बाटली उजेडात धरली आणि मला इतका आनंद झाला की बाजूचा मजूर बघायला लागला. मी काळजी करायला हवी होती. त्याचाच पगार घेतो मी.

संध्याकाळी घरी जाऊन न विचारताच सांगितलं, "बाबा, आज तळ्याच्या पाइपात रंग आला."

पेपर हलला नाही. "माका कित्याक सांगतंस? मी साचेखात्यातलो."

मी चूल बघायला म्हणून आईजवळ जाऊन उभा राहिलो. आईने भाकरी उलटली. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "तांबडो? काय जांभळाकडे जाणारो?"

"सांगता येत नाही."

"तुका कधी सांगूक इला?"

नमुना घरी न्यायची परवानगी नसते. दुसऱ्या दिवशी मी नेला. बाबा बाटली घेऊन गॅलरीत गेले, उजेडाकडे धरून तिला हळूहळू फिरवत राहिले. मला वाटलं, कुठल्या कापडाचा, कुठल्या कुंडाचा, ते सांगतील. बाटली माझ्या हातात परत दिली आणि शेजारच्या खोलीकडे बघत आवाज खाली आणला.

"साहेबाक सांगू नको हां. ह्यो आमचो म्हणून."

सकाळी अहवाल भरला. रंग : आहे, तांबूस. उगमाच्या रकान्यात लिहिलं, अज्ञात.