चंदनची पिलबाग

मयुरीसारखी डोक्यानं हुशार आणि मनानं खुळी पोरगी मी दुसरी पाहिली नाही. जळगावच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकाच टेबलावर काम करतो. ती सावद्याची, केळीवाल्यांची लेक; मी नरडाण्याची. चहात बिस्कीट बुडवून ती विसरायची आणि माझ्या शिव्या खायची. पण केळीवरच्या विषाणूचा विषय निघाला की जेवण सोडून उठायची.

त्या विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा निवडून तिनं त्यालाच नेमकी चिकटणारी अँटिबॉडी बनवून घेतली होती. पान पिवळं पडायच्या आधीच रोग पकडायचा, हे तिचं वेड. घरच्या बागेतली पानं तपासली, तर प्रत्येक नमुन्यात काळी रेघ उमटली, म्हणजे विषाणू आहे.

ती बाग तिच्या भावानं, चंदननं लावलेली. तो अपघातात गेला. घड काढल्यावर बुंध्याशी फुटलेलं पिल वाढवायचं, ती पिलबाग. लोक एक-दोन पिकं घेऊन बाग मोडतात. तिच्या वडिलांनी, लीलाधरनानांनी, पोराच्या हातची म्हणून पिलावर पिल राखलं होतं.

प्रयोगशाळेचे सर तिला म्हणाले, आधी पेप्टाइड येऊ दे. म्हणजे तोच निवडलेला तुकडा, बनवून बाटलीत मिळतो. अँटिबॉडीला आधी तो भरपेट द्यायचा, मग तिला नमुन्यावर सोडायची. पोट भरलेली ती खऱ्या विषाणूकडे वळत नाही, रेघ नाहीशी होते. तरीही रेघ आली, तर अँटिबॉडी भलत्याच कशाला तरी चिकटतेय.

पण पेप्टाइड यायला उशीर लागत होता, आणि हा रोग मावा नावाची कीड एका बागेतून दुसरीत नेते. "आपल्या बागेतून शेजाऱ्याच्या बागेत रोग गेला तर नाना गावात मान वर करतील का?" एवढंच तिचं चाललेलं. मी म्हटलं, बाई, जरा दम धर. ऐकते कशाला! तिनं घरी फोन लावला, बाग उपटा म्हणाली. नानांनी मजूर लावला नाही. एकेक बुंधा कंदासकट स्वतः उपटून पुरला. तिची आई, कुंदाबाई, बांधावर बसून रडत होती म्हणे.

मग पेप्टाइड आलं. एका पट्टीवर नुसती अँटिबॉडी, दुसरीवर पेप्टाइड दिलेली. दोन्हींवर रेघ सारखीच काळी. मयुरीनं परत केलं, मग मी केलं. ठेवलेली पानं दुसऱ्या पद्धतीनंही तपासली. विषाणूचा मागमूस नव्हता.

"सारिका, बाग निरोगी होती गं," ती म्हणाली. माझी जीभ एरवी थांबत नाही. त्या दिवशी मी नुसती रडले.

तिला एकटीला सोडवेना, म्हणून सावद्याला मीही गेले. ओट्यावर उभी राहूनच तिनं नानांना सांगितलं, "रोग नव्हता, नाना. माझंच चुकलं."

वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कुदळ घेतली. "एखांदं पिल राहिलं असंन," म्हणत शेताकडे निघाले.

मोकळ्या काळ्या रानात बाप खणत होता आणि लेक शेजारी बसून हातानं माती उकरत होती. हिरवं काहीच लागेना. अखेर नानांनी कुदळ खाली ठेवली आणि तिचे मातीचे हात धरले.

"आता नको शोधू, पोरी," ते म्हणाले. "तू सांगितलं होतं, एकबी कंद ठेवू नका. म्या एकबी ठेवला नाही."